चाकांवरचा डीप फ्रीझर आणि कलम 65 (फ)

सोलापुरात होटगी रस्त्याला राहणाऱ्या एका अभियंत्याचे पत्र समोर आहे. त्यांनी जुना आडवा डीप फ्रीझर विकत घेतला. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून त्यात तीन तोट्या लावल्या. आत 19 लिटरचे दोन केग (बीअर साठवायची धातूची पिंपे), कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि तापमान सांभाळणारा कंट्रोलर ठेवला. खाली चाके लावली. घरी तयार केलेली बीअर भरून हे सगळे फेब्रुवारीत मित्राच्या शेतावर हुरडा पार्टीला नेत असताना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पथकाने टेम्पो अडवला. गुन्हा नोंदला, जामीन झाला, टेम्पो सुटला. फ्रीझर मात्र अजून गोदामात आहे. 'घरगुती वापरापुरती बीअर करणे गुन्हा आहे का आणि फ्रीझर परत मिळेल का?' असे ते विचारतात. घरच्या वाइनबद्दल, घरच्या सायडरबद्दल याच वळणाची पत्रे येत असतात, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पहिल्या प्रश्नावर फार शब्द खर्च करत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 मध्ये बीअर ही दारूच आहे आणि ती विनापरवाना बनवता येत नाही, एक लिटरसुद्धा. तुमच्याकडचा पिण्याचा परवाना पिण्यापुरता आहे, बनवण्याचा नाही. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरी चालतात त्या परवान्यावर. तुम्ही ज्या अमेरिकी चित्रफिती पाहून हे यंत्र उभे केले, त्या देशात संघीय कायद्याने 1979 पासून घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 आणि दोन वा अधिक असतील तर 200 गॅलनपर्यंत बीअर घरी करण्याची मुभा आहे. सोल्डरिंग शिकताना हा फरक पाहायला पाच मिनिटे लागली असती.

तुमच्या प्रकरणाचा निकाल मात्र या प्रश्नावर लागणार नाही. तुमच्यावरचे सर्वांत जड कलम 65 (फ) आहे. मादक पदार्थ तयार करण्यासाठी साहित्य, भट्टी, भांडी, अवजारे किंवा उपकरणे वापरणे, ठेवणे वा जवळ बाळगणे हा त्यातला गुन्हा. या वाक्यात 'तयार करण्यासाठी' ही अट आहे आणि तुमचा सगळा बचाव त्या अटीवर उभा आहे. पथकाने रस्त्यावर जे पकडले ते बीअर गार ठेवणारे आणि ग्लासात ओतणारे यंत्र आहे. घराची झडती झाली नाही, आंबवण्याचे पिंप सापडले नाही, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) सापडले नाही, असे तुम्ही लिहिता. हे खरे असेल तर 65 (फ) साठी सरकार पक्षाकडे या फ्रीझरशिवाय दुसरी वस्तू नाही.

आता पंचनामा पाहा. त्यात लिहिले आहे: 'बीअर तयार करण्याचे चालू स्थितीतील यंत्र'. खाली तुमची सही. तुम्ही म्हणता, घाईत न वाचता सही केली. शिकलेला माणूस बँकेचा फॉर्म दोनदा वाचतो आणि पंचनाम्यावर डोळे मिटून सही करतो, हे मला कधीच समजलेले नाही. सोलापूर जिल्ह्यात या खात्याची बहुतेक कारवाई हातभट्टीवर होते. ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले तेही हातभट्टीसाठीच. त्यामुळे पंचनाम्याची भाषा त्या साच्यातली असते: बॅरल, रसायन (आंबवलेले मिश्रण), तयार करण्याचे साहित्य. तोट्या लावलेला फ्रीझर त्या साच्यात बसवला गेला, आणि तुम्ही तो बसू दिला. त्यात भर म्हणजे दारूबंदी अधिनियमाचे कलम 103. असे उपकरण जवळ असण्याचा समाधानकारक खुलासा आरोपीला देता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा केला असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. म्हणजे खुलासा तुम्हालाच द्यायचा आहे.

खुलासा तांत्रिक आहे आणि चांगला आहे. तुमचा कंट्रोलर 4 अंशांवर लावलेला होता. एल प्रकारच्या, म्हणजे खोलीच्या तापमानाजवळ आंबवायच्या, बीअरचे यीस्ट साधारण 18 ते 20 अंशांना काम करते. 4 अंशांना ते जवळजवळ निजते. त्या पेटीत त्या तापमानाला बीअर तयार होत नव्हती, झालेली बीअर राखली जात होती. पंचनाम्यात कंट्रोलरवरचा आकडा नोंदला आहे का, मुद्देमालाच्या छायाचित्रात दिसतो का, हे आधी शोधा. लाकडी चौकट काढली की तो पुन्हा साधा फ्रीझर होतो. हेही अर्जात लिहायचे.

पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तुमच्या वकिलाला खरे द्या. या पेटीत कधी आंबवण्याचे भांडे ठेवले होते का? लागर, म्हणजे गारव्यात आंबवायची बीअर, करणारे हौशी लोक हाच फ्रीझर कंट्रोलर 10-12 अंशांवर लावून आंबवण्याची खोली म्हणून वापरतात. तुम्ही तसे केले असेल आणि त्याचा फोटो फोनमध्ये असेल, तर 'हे फक्त ओतण्याचे यंत्र' हा युक्तिवाद करू नका. उलटतपासणीत तो तुमच्याच अंगावर येईल. केगमध्ये वायू भरून बीअर फेसाळ करणे हा बनवण्याचाच शेवटचा टप्पा आहे, असेही सरकारी वकील म्हणू शकतात. त्यावर न्यायालय कोणत्या बाजूने जाईल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता उशीर. दोन महिने झाले आणि मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज तुम्ही केलेला नाही, कारण कोणीतरी सांगितले, 'केस संपली की मिळेल.' केस संपायला किती वर्षे लागतात ते कोर्टाच्या आवारात कोणालाही विचारा. तोपर्यंत कॉम्प्रेसर जाम आणि रबरी नळ्या काळ्या झालेल्या असतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 नुसार माल न्यायालयासमोर आल्यापासून 14 दिवसांत त्याचे वर्णन तयार व्हायला हवे, छायाचित्रण व्हायला हवे आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याच्या ताब्याचा वा विल्हेवाटीचा आदेश व्हायला हवा. माल प्रत्यक्ष हजर न करता फक्त अहवाल गेला असेल तर कलम 503 लागते. दोन्ही कलमांखाली एकच अर्ज करा. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितले आहे की जप्त माल पोलिसांच्या ताब्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त राहू नये. न्यायालये तो निकाल मानतात, पण अर्ज आल्यावर मानतात.

अर्जात सिलिंडरचा मुद्दा ठळक घ्या, कारण तो केवळ तुमच्या सोयीचा नाही. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. 31 अंशांच्या वर तो द्रव राहत नाही आणि भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 43-44 वर जातो, पत्र्याच्या गोदामात त्याहून वर. केगमध्ये जिवंत यीस्टची बीअर असेल तर गारवा गेल्यावर तीही पुन्हा आंबू लागते. तिथे काम करणाऱ्या शिपायाच्या जिवाला हा धोका आहे. सिलिंडर सुरक्षित हलवण्याचा आणि नमुने राखून उरलेली बीअर नष्ट करण्याचा आदेश मागा. नमुना कधी घेतला, कधी सीलबंद झाला, प्रयोगशाळेत कधी पोहोचला, या तारखांच्या नकलाही मागा. यीस्ट जिवंत असलेल्या नमुन्यात मद्यार्काचे प्रमाण वाटेत वाढू शकते, हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

फ्रीझर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर, मिळेल, असे मला वाटते. कायमचा मिळेल का, हे वेगळे. दारूबंदी अधिनियमाच्या कलम 98 खाली गुन्ह्यातला माल ज्या पात्रात सापडला ते पात्रही जप्तीपात्र आहे, म्हणून 65 (फ) पडले तरी फ्रीझरवरचा प्रश्न शिल्लक राहू शकतो. शिवाय तो तुमचा आहे हे दाखवणार कसे? बंद पडलेल्या आइस्क्रीम दुकानातून रोखीने घेतला, बिल नाही, असे तुम्ही लिहिता. अशा दुकानांतले फ्रीझर पुष्कळदा कंपनीने अनामत घेऊन वापरायला दिलेले असतात. तुमच्या फ्रीझरवर कंपनीची पट्टी असेल तर आधी विकणाऱ्याला गाठून लेखी घ्या. नाहीतर परत मागायला गेलात आणि दुसऱ्याचा माल बाळगल्याची चौकशी मागे लागली, असे व्हायचे.

दोन गोष्टींवर आज मत देत नाही. पथकाला दिलेला 'मी घरी बनवतो' हा जबाब पुराव्यात येईल का, हे उत्पादन शुल्क अधिकारी पोलीस अधिकारी मानले जातात का यावर अवलंबून आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतो. दुसरे, पार्टीची वर्गणी म्हणून तुम्ही फोनवर पैसे घेतले आणि दोघांनी शेरा लिहिला 'बीअर'. तो विक्रीचा, म्हणजे 65 (ई) चा मुद्दा होऊ शकतो. कागद पाहिल्याशिवाय त्यावर बोलणे चुकीचे. ते संदेश पुसू मात्र नका. पुसलेले सापडले तर हौस म्हणून कोणी ऐकणार नाही.

या आठवड्यात पंचनाम्याची प्रमाणित नक्कल काढा, अर्ज दाखल करा आणि सिलिंडर ज्या सोडावाल्याकडून भाड्याने आणला त्याला कळवा. सिलिंडर त्याचा आहे. त्याचा स्वतंत्र अर्ज तुमच्या अर्जाच्या आधी मंजूर होऊ शकतो. आणि घरात आंबवण्याचे काही सामान उरले असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी वकिलाशी बोला.