सरकारच्या भरवशावरचा धंदा म्हणून सोलर सोडायचं का?

पाटणहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय, पुण्यातल्या एका सोलर कंपनीची ऑफर हातात आहे, पण मेहुणे म्हणतात हा धंदा सरकारच्या मर्जीवर चालतो, उद्या सबसिडी गेली की पोरगं घरी, त्यापेक्षा महावितरणच्या भरतीची वाट बघ.

दादा, मेहुणे अर्धं बरोबर बोलतायत, आणि त्याचा पुरावा तुमच्याच तालुक्यात वनकुसवडेच्या पठारावर उभाय. त्या पवनचक्क्या काय नुसत्या वाऱ्याने आल्या नाहीत. चक्की घेतली की इन्कम टॅक्समध्ये पहिल्याच वर्षी भरघोस घसारा मिळायचा, म्हणजे चक्कीच्या किमतीचा मोठा भाग खर्चात दाखवून टॅक्स वाचायचा, म्हणून बजाज ऑटोसारख्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीनेही तिथे पैसा लावला. 2012 मध्ये ती सवलत काढली तर नवीन काम धाडकन खाली आलं, 2014 मध्ये परत दिली. मग 2017 मध्ये लिलाव सुरू झाले, जो सगळ्यात स्वस्त वीज देईल त्याला काम, पहिल्याच लिलावात दर युनिटला 3 रुपये 46 पैशांवर आला, त्याबरोबर राज्यं म्हणायला लागली आम्हालाही एवढ्यातच द्या, जुन्या दराने करार करायला कोणी तयार होईना. 2016-17 मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॅटच्या आसपास पवनचक्क्या लागल्या होत्या, पुढच्या वर्षी दोन हजारसुद्धा नाही.

पण थांबलं ते उभारणीचं काम. पठारावर आधीच उभ्या असलेल्या चक्क्यांचा गिअरबॉक्स बघायला माणूस लागतच होता. सोलरचंही तसंच, म्हणून इंटरव्ह्यूला गेल्यावर पोराने सरळ विचारायचं, मला इरेक्शनला म्हणजे उभारणीला टाकणार का ओ अँड एमला, म्हणजे चालवणं-देखभालीला? ऑर्डरी कुठून येतात, घरांच्या छतांच्या, कारखान्यांच्या, का सरकारी टेंडरच्या? आणि वीज घेणारा कोण? आंध्रात 2019 मध्ये नवीन सरकारने सोलर आणि पवनचक्क्यांचे जुने वीज करारच पुन्हा उघडायला काढले, ते प्रकरण हायकोर्टात 2022 पर्यंत चाललं, तोवर कंपन्यांचे पैसे अडकले. असल्या गोष्टीत पहिली झळ नवीन पोरांनाच लागते हो.

सध्या छतावरच्या सोलरला जोर आहे कारण फेब्रुवारी 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे. आता गंमत बघा, पॅनल बसवायला एक-दोन दिवस पुरतात, पण पोर्टलवरचा अर्ज, वाढीव लोड, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा), महावितरणची तपासणी हे सगळं झाल्याशिवाय सबसिडी ग्राहकाच्या खात्यात पडत नाही, आणि ग्राहक रोज फोन करतो तो कंपनीलाच. 10 किलोवॅटपर्यंत आता वेगळी टेक्निकल फिजिबिलिटी, म्हणजे लाइनला ही वीज झेपेल का याची तपासणी, लागत नाही तरी फाइल कुठे अडते ते माहीत असणारा पोरगा ऑफिसात सगळ्यांना हवा असतो. वायरिंग येणारे खूप मिळतात, वायरिंग येऊन वर वीज आयोगाचा, म्हणजे विजेचे दर-नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, आदेश वाचणारे फार कमी. पहिल्या दोन वर्षांत हेच शिकायला सांगा, कंपनी बदलली तरी कामाला येतं.

माझं मत विचाराल तर जाऊ द्या त्याला. महावितरणची जाहिरात निघाली की फॉर्म मात्र भरायचाच, दोन्हीत भांडण नाहीये, आणि सोलरमध्ये मीटरिंग केलेला अनुभव तिकडेही वाया जात नाही. फक्त सही करण्याआधी ऑफर लेटरमध्ये बॉण्ड किती वर्षांचा आहे आणि साइटवर राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा हे नीट बघा, नाहीतर फोटो काढून पाठवा, मी बघून सांगतो.