ऑस्करची यादी भरताना: 'सिनर्स' की 'वन बॅटल'?

भावा, तुझे प्रश्न दोन. राजारामपुरीतल्या तुमच्या ग्रुपला 15 मार्च 2026च्या ऑस्करसाठी प्रत्येकाची अंदाजांची यादी हवी आहे, आणि 'सिनर्स'ला विक्रमी 16 नामांकनं असताना बहुतेक जाणकार 'वन बॅटल आफ्टर अनदर'चं नाव का घेतात, हे तुला कळत नाहीये. दुसरा, भारताकडून गेलेला 'होमबाउंड' परदेशी चित्रपटांच्या पहिल्या पंधरात आला आणि शेवटच्या पाचांत का नाही. पहिल्याचं उत्तर जरा लांब आहे, पण ते नीट समजलं तर यादी पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल.

आधी नामांकन म्हणजे काय ते बघ. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचे सुमारे दहा हजार मतदार आहेत आणि ते व्यवसायानुसार शाखांत विभागलेले आहेत. छायाचित्रकार छायाचित्रणाचे पाच निवडतात, संकलक संकलनाचे, अभिनेते अभिनयाचे. 'सिनर्स'मध्ये जुना काळ आहे, व्हॅम्पायर आहेत, गाणी आहेत, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी, दृश्यपरिणाम, संगीत अशा प्रत्येक शाखेला पसंत करण्यासारखं काहीतरी सापडलं. त्यात यंदा कास्टिंगचा, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडण्याचा, नवा पुरस्कार सुरू झालाय, तिथेही तो आहे. तो रकाना वगळला तरी 15 होतात आणि आधीचा 14चा विक्रम मोडतोच. मोठीच गोष्ट आहे. पण पाचांत आला याचा अर्थ त्या शाखेतल्या पुरेशा लोकांना तो चांगला वाटला, एवढाच. शेवटच्या फेरीत सगळे मतदार सगळ्या रकान्यांत मत देऊ शकतात आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी तर वेगळ्याच पद्धतीने होते.

ती पद्धत कोल्हापूरकराला समजावून सांगायची फारशी गरज नाही. पुणे पदवीधर मतदारसंघात आपलाही जिल्हा आहे. तिथे मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीक्रम टाकायचे असतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. ऑस्करच्या दहा चित्रपटांचं असंच होतं. 'ट्रेन ड्रीम्स', 'एफ वन', 'बुगोनिया' यांच्यासारखे चित्रपट लवकर बाद होतील असं मला वाटतं. त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरं, तिसरं नाव कुणाचं आहे, यावर निकाल ठरतो. म्हणून पहिल्या रकान्यासाठी प्रश्न असा विचारायचा: कोणता चित्रपट फार थोड्या लोकांनी खाली ढकलला असेल?

2009 पासून ही पद्धत परत आली, आणि तेव्हापासूनचे धक्के आठव. 'ला ला लँड'ला 14 नामांकनं होती, जिंकला 8 नामांकनांचा 'मूनलाइट'. 'द पॉवर ऑफ द डॉग'ला 12, जिंकला फक्त 3 नामांकनांचा 'कोडा', ज्याला दिग्दर्शनाचंही नामांकन नव्हतं. गेल्या वर्षी 'एमिलिया पेरेझ'ला 13, जिंकला 'अनोरा'. 'ओपनहायमर' 13 नामांकनं घेऊन जिंकला हेही खरं, त्यामुळे जास्त नामांकनं म्हणजे हार, असा उलटा नियमही करू नकोस.

मला स्वतःला 'सिनर्स' जास्त प्रिय आहे. त्या रात्रीच्या गाण्यात मागच्या आणि पुढच्या पिढ्यांचे वादक-नर्तक एकाच छताखाली येतात, त्या प्रसंगासाठी मी तो चित्रपट कितीही वेळा बघेन. पण रक्तपाताचा चित्रपट म्हटल्यावर त्याला सातव्या-आठव्या जागी टाकणारे मतदार असणारच. 'वन बॅटल'मध्ये पाठलाग आहे, विनोद आहे, बाप-लेकीची गोष्ट आहे. पहिला क्रमांक न देणारा माणूसही त्याला दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवेल. म्हणून माझ्या यादीत सर्वोत्कृष्ट चित्रपट: 'वन बॅटल आफ्टर अनदर'.

दिग्दर्शनात 'वन बॅटल'चा पॉल थॉमस अँडरसन, इथे मला अजिबात शंका नाही. यंदाच्या आधी त्याला 11 नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. इतक्या वर्षांची थकबाकी अकॅडमीला चुकती करावीशी वाटते. तरी 7 फेब्रुवारीला दिग्दर्शकांच्या संघटनेचा निकाल येईल तो बघ. 1948 पासून त्यांचा विजेता आणि ऑस्करचा विजेता वेगळा निघाला तो फक्त आठ वेळा, आणि त्यातही तीनदा त्यांच्या विजेत्याला ऑस्करचं नामांकनच नव्हतं. एवढा भरवशाचा दुसरा संकेत या मोसमात नाही. पटकथा दोन असतात ही 'सिनर्स'च्या दृष्टीने भाग्याची गोष्ट: रूपांतरित 'वन बॅटल'ला, स्वतंत्र 'सिनर्स' लिहिणाऱ्या रायन कूगलरला. दोघांवर प्रेम करणारा मतदार इथे दोघांनाही देऊन मोकळा होतो.

अभिनयात अभिनेत्री जेसी बकली, 'हॅम्नेट'. पुढे. खरी चुरस अभिनेत्यात आहे. टिमथी शालामे ('मार्टी सुप्रीम') ऑस्करआधीचे गोल्डन ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस हे दोन्ही पुरस्कार घेऊन पुढे आहे. पण तरुण पुरुषांना हा पुरस्कार द्यायला अकॅडमी नेहमी कां-कूं करते. सर्वांत कमी वयात तो जिंकणारा एड्रियन ब्रॉडी तेव्हा 29 वर्षांचा होता, आणि शालामे आत्ता कुठे 30 पूर्ण झालाय. मायकेल बी. जॉर्डनने 'सिनर्स'मध्ये जुळ्या भावांचं काम केलंय. दोन्ही भाऊ नुसत्या चालण्यावरून वेगळे ओळखू येतात, आणि टोपी-कपड्यांच्या रंगाची मदत नसती तरी आले असते. 'सिनर्स'वर प्रेम करणाऱ्यांना एखादा मोठा पुरस्कार द्यायचा असेल तर तो इथेच आहे. मी जॉर्डन लिहिलंय. जोखीम आहे, पण सगळ्यांनी एकच नाव लिहिलेल्या यादीत पुढे जायचं तर एखाद्या ठिकाणी अशी जोखीम घ्यावीच लागते.

सहायक भूमिकांसाठी एक निरीक्षण. 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' या नॉर्वेजियन चित्रपटाला अमेरिकी अभिनेत्यांच्या संघटनेने एकही नामांकन दिलं नाही, अकॅडमीने मात्र अभिनयाची चार दिली. अमेरिकेबाहेरचे मतदार गेल्या दहा वर्षांत खूप वाढलेत, त्याचा हा परिणाम. त्यात यंदापासून नवा नियम आहे: ज्या रकान्यात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट बघितलेच पाहिजेत. नावावर मत टाकणाऱ्यांना त्यामुळे थोडा तरी लगाम बसेल. म्हणून सहायक अभिनेत्यात मी 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'च्या स्टेलान स्कार्सगार्डच्या बाजूने आहे. सहायक अभिनेत्रीत टेयाना टेलर ('वन बॅटल') आणि एमी मॅडिगन ('वेपन्स') यांच्यात मला अजून ठरवता आलेलं नाही.

छायाचित्रणाचा रकाना घाईत भरू नकोस. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि त्यावर चित्रपट काढले, त्या गावातल्या माणसाने तर नाहीच. 'सिनर्स'ची छायाचित्रकार ऑटम ड्युराल्ड आर्कापॉ हिने मोठ्या आयमॅक्स फिल्मवर काम केलंय. इतक्या वर्षांत छायाचित्रणाचा ऑस्कर एकाही स्त्रीला मिळालेला नाही. नामांकनही 2018 साली पहिल्यांदा एका स्त्रीला मिळालं. मी मनापासून तिचं नाव लिहिलंय, आणि हिशेबानेही ते चुकीचं नाही. उन्हातली कापसाची शेतं आणि रात्रीची ती गिरणी पुन्हा बघ, म्हणजे पटेल.

बाकीचे पटकन: संगीत लुडविग गोरानसन ('सिनर्स'), गाणं 'गोल्डन', ॲनिमेशन 'केपॉप डीमन हंटर्स', वेशभूषा आणि रंगभूषा 'फ्रँकेन्स्टाइन', ध्वनी 'एफ वन'.

आता 'होमबाउंड'. नीरज घेवानचा चित्रपट कमी पडला असं मी अजिबात मानत नाही. कान महोत्सवात तो होता, पंधरांत आला, हेच आपल्याकडच्या चित्रपटासाठी दुर्मीळ आहे. पण अंतिम पाचांकडे बघ: 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', 'द सीक्रेट एजंट', 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट', 'सिरात' आणि 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब'. यातल्या पहिल्या चारांचा अमेरिकेतला वितरक एकच आहे, निऑन. 'पॅरासाइट' आणि 'अनोरा' हेही त्यांचेच. मतदारांपुढे चित्रपट महिनोन् महिने ठेवायला, खेळ लावायला, दिग्दर्शकाला गावोगाव फिरवायला पैसा आणि सवय लागते. 2004 मध्ये 'श्वास' गेला तेव्हा मराठी माणसांनी वर्गणी काढून प्रचाराला हातभार लावला होता. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट'ही भारताकडून गेले. तिघांपैकी एकालाही नामांकन मिळालं नाही, आणि त्याचं कारण मी त्या चित्रपटांत कधी शोधलं नाही. आपल्याकडे सप्टेंबरात चित्रपट निवडला जातो आणि मग वितरक शोधायची धावपळ होते. तोपर्यंत बाकीच्यांचा प्रचार मे महिन्यात कानपासून सुरू झालेला असतो. त्यामुळे परदेशी चित्रपटाच्या रकान्यात 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' लिही. 'द सीक्रेट एजंट'ही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहांत आहे, तेव्हा लढत त्या दोघांचीच.

यादी आत्ता पेन्सिलने भर. 7 फेब्रुवारीला दिग्दर्शक, 22 ला बाफ्टा (ब्रिटिश अकॅडमीचे पुरस्कार), 28 ला निर्मात्यांची संघटना, 1 मार्चला अभिनेत्यांची. निर्मात्यांचा निकाल नीट बघ, कारण त्यांची मोजणीही पसंतीक्रमाने होते. तिथे 'सिनर्स' जिंकला तर पहिला रकाना खोडून त्याचं नाव घाल, माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून. 1 मार्चनंतर फक्त अभिनयाचे चार रकाने बदल. छायाचित्रणाला हात लावू नकोस.