सासूबाई आणि शाबुशाबू

प्रश्न : ताई, आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. घराजवळ एक छोटंसं हॉटेल आहे, शाबुशाबू आणि सुशी दोन्ही मिळतं, मुलं तर सारखी तिथेच चला म्हणतात. आता सासूबाई येतायत, पक्क्या शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. शाबुशाबू म्हणजे टेबलावर एकाच पातेल्यात सगळ्यांचं मांस, भाज्या सगळं शिजतं, मग त्यांना न्यायचं की घरी वरणभात लावून जायचं?
– निशिकासाईची सून

उत्तर : अहो न्या की! फक्त "निकू नको" एवढंच सांगू नका, कारण निकू म्हणजे मांस आणि मासा त्यात कोणी धरतच नाही, मग तुम्ही निर्धास्त बसता आणि दाशीमधून मासा पोटात जातो. दाशी म्हणजे तिकडचा स्टॉक, बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवून धुरी दिलेल्या माशाचा कीस. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मिसो सूप दोन वाट्या प्यायली, छान कढीसारखं आहे म्हणाली, मी अजून तिला सांगितलेलं नाही.

शाबुशाबूचं मूळ पाणी मात्र बहुतेक नुसत्या कोम्बूचं असतं, समुद्री शेवाळाची जाड पट्टी, ते त्यांना चालेल. पण नुसतं कोम्बूच आहे ना ते विचारून घ्या. आणि त्यांच्यासाठी वेगळं भांडंच मागा, दोन कप्प्यांचं नको, मुलांच्या चॉपस्टिक इकडून तिकडे फिरणारच. हाकुसाई म्हणजे चिनी कोबी, शिताके आणि एनोकी ही मशरूम, तोफू, शेवटी त्याच पाण्यात उदोन, म्हणजे जाड नूडल्स, पोट मस्त भरतं. खरी गोची सॉसची, आंबटसर पोंझू आणि तिळाचा गोमादारे दोन्हीत बऱ्याचदा माशाचा अर्क असतो, त्यापेक्षा साधं शोयू, म्हणजे सोया सॉस, घ्या आणि हॉटेलवाल्यांना विचारून आपली तिळाची चटणी डबीतून न्या.

सुशीत काप्पामाकी, म्हणजे काकडीची, बिनधास्त. अंडं चालतं म्हणून तामागो, म्हणजे अंड्याची सुशी, मागवाल तर थांबा, त्यातही दाशी असते बहुतेक. इनारीचं, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेल्या भाताचं, तेच. वासाबी, ती झणझणीत हिरवी चटणी, नको असेल तर "साबीनुकी" म्हणायचं.

ताबेहोदाई, म्हणजे ठरलेल्या पैशात हवं तेवढं खा, घेताना आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी अख्ख्या टेबलाला तोच कोर्स घ्यावा लागतो, आणि दीड तासात भाज्या खाऊन पैसे कुठले वसूल होणार.

आणि हो, आपल्याकडे आग्रह असतो ना, सासूबाई आपल्या चॉपस्टिकने नातवाच्या चॉपस्टिकमध्ये तोफू द्यायला जातील, तेवढं प्रेमाने थांबवा. तिकडे अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा एकमेकांकडे देतात, शेजारच्या टेबलावरचे दचकतील. बशीत वाढलं तर काही हरकत नाही.

ऑर्डर देताना म्हणायचं वाक्य : "कात्सुओ दाशी मो दामे देस", म्हणजे माशाची दाशीसुद्धा चालत नाही. कागदावर जपानीत लिहून ठेवलंत तर उत्तम. टेबलाला गरम पाण्याचा नळ असेल तर तो चहासाठी असतो बरं का, त्याखाली हात धुवायला जाऊ देऊ नका, चांगलंच पोळतं.