ऑफिसात सोशल मीडियावर फोटो स्पर्धा घेऊन नव्या पुस्तकाची प्रसिद्धी करता येते का?

पहिलं पुस्तक येतंय आणि सहकाऱ्यांसाठी इन्स्टाग्रामवर फोटो स्पर्धा ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर ठेवा. माझ्या कथासंग्रहाच्या वेळी मी दोनदा ठेवली होती. पहिली फुकट गेली, दुसरीचा उपयोग झाला.

पहिल्या वेळी विषय होता 'पुस्तकासोबत सेल्फी'. सगळे फोटो एकसारखे आले, हातात पुस्तक आणि चेहऱ्यावर हसू. अनोळखी माणूस त्यावर कशाला थांबेल? दुसऱ्या वेळी सांगितलं, पुस्तकातलं एक वाक्य निवडा, ऑफिसातल्या ज्या जागी ते आठवतं तिथला फोटो काढा आणि वाक्य खाली लिहा. रिकामा जिना आला, सगळे घरी गेल्यावरची मीटिंग रूम आली. यासाठी पुस्तक उघडावंच लागतं, खरी मेख इथेच आहे. 'हे कुठलं पुस्तक?' असं बाहेरच्या लोकांनी विचारलं ते या फोटोंखाली.

पुस्तक विकत घेण्याची अट मात्र घालू नका. तुमच्या हाताखाली काम करणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, आणि खरेदीची अट घालून चिठ्ठी टाकून बक्षीस दिलं तर बऱ्याच देशांत ती लॉटरी ठरते. दोन-तीन प्रती ऑफिसात फिरत्या ठेवा.

लाइक मोजून विजेता ठरवणं मला पटत नाही. ज्याच्या ओळखी जास्त तो जिंकतो, शिवाय लाइक विकतही मिळतात. परीक्षक नेमा, आणि त्यांतला एक तरी पुस्तक न वाचलेला असू द्या. फोटो पाहून पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं का, एवढंच त्याला विचारायचं.

आधी एचआरची लेखी परवानगी घ्या. आमच्या एका फोटोत मागच्या व्हाइटबोर्डवर ग्राहकाचं नाव दिसत होतं. पोस्ट काढावी लागली आणि त्या सहकाऱ्याला विनाकारण ऐकून घ्यावं लागलं. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण ती सूचना मी द्यायला हवी होती. स्क्रीन, ओळखपत्रं, न विचारता टिपलेले चेहरे, यातलं काहीही फोटोत नको.

स्पर्धेचा हॅशटॅग मध्ये जागा न सोडता लिहा आणि आधी शोधून पाहा, दुसरं कुणी तो वापरत असेल तर बदला. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून पोस्टच मागा. प्रायव्हेट खात्यावरची पोस्ट हॅशटॅगखाली बाहेरच्यांना दिसत नाही, हेही सांगून ठेवा. स्पर्धेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही असं नियमांत लिहावं लागतं. फेसबुकवर 'स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा' ही अट चालत नाही.

फोटोवर हक्क काढणाऱ्याचा असतो, तेव्हा तो पुढे कुठे वापरणार ते आधीच लिहून घ्या. आमच्याकडे दहा दिवसांत चौदाच फोटो आले. त्यातला रिकाम्या जिन्याचा फोटो प्रकाशकांनी काढणारीला विचारून, तिच्या नावासह जाहिरातीत वापरला.