‘दीक्षा’, ‘दान’ आणि न विचारलेला ‘उमेदवार’

प्रश्न असा आहे: फ्रीमेसन या बंधुसंघावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘इनिशिएशन’ला ‘दीक्षा’ आणि ‘चॅरिटी’ला ‘दान’ लिहिलं तर चालेल का?

‘दीक्षा’ चालेल, पण मला ती जड वाटते. दीक्षा गुरू देतो, शिष्य घेतो, आणि नातं पुढे तेच राहतं. मेसनांच्या लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखेत, विधी चालवणारा मास्टर सभासदांनीच निवडलेला असतो. आत आलेला माणूस त्याचा शिष्य नव्हे, भाऊ होतो. शिवाय हा धर्म नव्हे, असं ही मंडळी आवर्जून सांगतात. ‘प्रवेशविधी’ कोरडा शब्द आहे, पण दिशाभूल करत नाही. (‘लॉज’ तसाच ठेवा, फक्त एकदा खुलासा करा, नाहीतर वाचक खोलीचं भाडं विचारायचा. मूळ अर्थ बांधकामाच्या जागेवरची पाथरवटांची, म्हणजे ‘मेसनां’ची, खोपी.)

खरी पंचाईत तुम्ही विचारलेलीच नाही. ‘कँडिडेट’ म्हणजे उमेदवार, आणि पहिल्या पायरीवरचा ‘अप्रेंटिस’ म्हणजेही उमेदवारच! ‘गवंड्याच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी केली’ हे अस्सल मराठी. निवडणुकांनी तो शब्द पळवला. तुमच्या लेखात दोन्ही अर्थ एकाच पानावर येणार. तेव्हा अर्जदाराला ‘इच्छुक’ म्हणा. त्याच्या नावावर गुप्त मतदान होतं: पेटीत पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. काळ्या दोन-तीन पडल्या, काही ठिकाणी एकच, की तो बाहेर. आत आला की ‘उमेदवार’, मग ‘कारागीर’. तिसऱ्या पायरीवरच्या ‘मास्टर मेसन’ला ‘मिस्त्री’ म्हणायचा मोह होतो, आवरा.

आता ‘दान’. विधीआधी इच्छुकाच्या अंगावरची नाणी, अंगठ्या, धातूचं सगळं काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी, एक गुडघा उघडा. शपथ झाली, पट्टी सुटली, की त्याला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात आणि गरिबांसाठी काहीतरी द्यायला सांगतात. द्यायला काहीच नसतं. मग त्याला सांगितलं जातं: अडलेला भाऊ भेटेल तेव्हा आठव, तूही असाच रिकाम्या हातानं आला होतास आणि आम्ही तुला घेतलं.

‘दान’ म्हटलं की देणारा वर, घेणारा खाली, आणि वर पुण्याचा हिशेब. इथला रोख नेमका उलटा आहे. त्यांची स्वतःची त्रिसूत्रीही बंधुप्रेम, ‘रिलीफ’ आणि सत्य अशी आहे. रिलीफला ‘साहाय्य’ नीट बसतो. 1788 मध्ये लंडनमध्ये गरीब किंवा दिवंगत मेसनांच्या मुलींसाठी शाळा निघाली. तिला दान म्हणणं त्या मुलींना खटकलं असतं. भावाची लेक सांभाळणं ते.

बाहेरच्यांसाठीच्या कामाला ‘धर्मादाय’ खुशाल वापरा. मेसनांमधूनच निघालेल्या श्राइनर्स संघाने 1922 मध्ये अमेरिकेत श्रीव्हपोर्टला मुलांसाठी पहिलं रुग्णालय काढलं, तिथे उपचार मोफत होते. ते धर्मादाय रुग्णालयच.

‘दान’ मात्र एका जागी ठेवा: ईशान्य कोपऱ्यातल्या त्या मागणीत. मागताना शब्द ‘दान’ असला, तरच त्याची फजिती वाचकाला कळेल.