अपघाताला वर्ष झालं तरी तो प्रसंग डोळ्यासमोरून जात नाही, थेरपी घ्यावी का?

हो, घ्याच. वर्ष झालं तरी विसरता येत नाही म्हणजे तुम्ही कमकुवत आहात असं अजिबात नाही, मेंदूतली धोक्याची घंटा अजून बंदच झालेली नसते, म्हणून साधा हॉर्न वाजला तरी छाती धडधडते आणि आठवण जुनी न वाटता आत्ताच सगळं घडतंय असं वाटतं. सुरुवातीचे काही आठवडे बऱ्याच जणांना असं होतं आणि हळूहळू ओसरतं, पण महिन्याच्या वर टिकलं, झोप उडाली, गाडीत बसणंच टाळायला लागलात तर पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असू शकतो. निदान मात्र डॉक्टरांना करू द्या, ऑनलाइन टेस्टवर जाऊ नका.

थेरपिस्टला सरळ विचारा, ट्रॉमावर, म्हणजे अशा धक्क्याच्या त्रासावर, काम करता का? ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (त्या प्रसंगाबद्दलचे विचार आणि टाळाटाळ बदलायला शिकवणारी थेरपी) नाहीतर ईएमडीआर (प्रसंग आठवत डोळे डावी-उजवीकडे हलवायला लावणारी थेरपी), दोन्हीचा चांगला उपयोग होतो, साधारण ८ ते १६ सेशन्स धरून चाला. पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागत नाही. मधे त्रास थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो आणि नेमकं तिथेच लोक सोडून देतात (हे खरं तर थेरपिस्टनेच आधी सांगायला हवं). झोपेसाठी दारू नको. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, घरच्या कुणालातरी सांगून आजच हॉस्पिटल गाठा.