मिस्सा, मास की सामूहिक प्रार्थना?

एका परदेशी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. चित्रपटात आजी नातवाला विचारते, आज 'मास' ऐकलास का? नातू म्हणतो, पाहिला, फोनवर. घर कॅथलिक आहे. वाचकाने 'मास'साठी 'सामूहिक प्रार्थना' लिहिलं, सहकाऱ्याने 'प्रभुभोजन' सुचवलं. शिवाय उपासना 'ऐकणे' हे कानाला खटकतं, म्हणून दोन्ही वाक्यांत 'प्रार्थनेला जाणे' करावं का, असंही त्यांनी विचारलंय.

'मिस्सा' लिहा, कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेचं ते रूढ नाव. क्रियापदांना मात्र हात लावू नका, खरी गंमत तिथेच आहे.

आधी 'सामूहिक' कुठून आलं ते पाहू. इंग्रजीत दिसायला सारखे दोन 'मास' आहेत. एक म्हणजे वस्तुमान, ढीग, जनसमुदाय. तो लॅटिन 'मास्सा'वरून आला, आणि त्याच्या मागे पिठाच्या गोळ्याला म्हणायचा ग्रीक शब्द आहे. चर्चमधला 'मास' आला लॅटिन 'मिस्सा'वरून. दोघांचं नातं काहीच नाही. पण भाषांतर करणाऱ्याच्या मनात पहिल्या 'मास'ची गर्दी असते आणि 'सामूहिक' आपसूक उतरतं. आमच्या चर्चच्या कायद्यात तर योग्य कारण असेल तेव्हा धर्मगुरूला समोर एकही भाविक नसताना मिस्सा करता येते. तेव्हा समूह कुठून आणणार?

'प्रभुभोजन' चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या घरचं आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळी 'मास' म्हणत नाहीत. त्यांच्याकडे उपासना असते आणि तिच्यात प्रभुभोजनाचा विधी होतो. कॅथलिक आजीच्या तोंडी तो शब्द आला की जाणत्याला लगेच परका वाटेल. नुसतं 'मास' ठेवायला माझी हरकत एवढीच की मराठीत मास म्हणजे महिना. 'मास संपला' वाचून कुणी कॅलेंडर बघायचा.

'मिस्सा' मराठीत पोर्तुगीजांकडून आला, चावी, बटाटा, पाद्री आणि नाताळ यांच्यासारखाच. लॅटिनमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये तो स्त्रीलिंगी आहे, मराठीतही तसाच चालवावा: मिस्सा झाली, मिस्सेला गेलो, भाषा-भाषेला या चालीवर. 'ख्रिस्तयाग' आणि 'मिस्साबलिदान' हेही शब्द आहेत आणि अर्थाने पक्के आहेत, कारण कॅथलिक श्रद्धेत मिस्सा हे खरोखर बलिदान मानलं जातं. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेने १५६२ साली हे ठासून मांडलं. पण ते छापील शब्द. आमंत्रणपत्रिकेवर शोभतात. आजी नातवाला 'ख्रिस्तयाग केलास का रे' असं विचारेल, हे मला पटत नाही.

आता शब्दाच्या पोटात शिरू. लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. विधीच्या शेवटी म्हणायचं वाक्य होतं, 'इते, मिस्सा एस्त', म्हणजे जा, पाठवणी झाली. मिस्सा म्हणजे मुळात सभा उठल्याची सूचना. सुरुवातीच्या काळात बाप्तिस्मा न झालेल्या उमेदवारांना प्रवचनानंतर बाहेर पाठवत. सातव्या शतकात वारलेले सेव्हिलचे संत इसिदोर या शब्दाची फोड त्या पाठवणीवरून करतात. त्याच्याही आधी, चौथ्या शतकाच्या अखेरीस, मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या पत्रात 'मिस्सा' हे विधीचंच नाव झालेलं दिसतं. शेवटच्या वाक्यातला शब्द अख्ख्या विधीला चिकटला. मराठीला हे नवं नाही. 'ओम् नमः सिद्धम्' या पहिल्या शब्दांवरून शिक्षणाच्या आरंभाला आपण 'ओनामा' म्हणतोच. तिथे नाव आरंभावरून पडलं, इथे अखेरीवरून.

आणि हे जरा विचित्रच आहे. त्याच विधीला ग्रीक शब्द आहे 'युखारिस्तिया', म्हणजे आभार मानणे. सिरियाक परंपरेतले कॅथलिक त्याला 'कुर्बाना' म्हणतात, म्हणजे अर्पण, आपल्या 'कुर्बानी'चा भाऊबंदच. कुणी आभारांवरून नाव दिलं, कुणी अर्पणावरून. रोमच्या परंपरेने मात्र नाव घेतलं ते दाराकडे वळण्यावरून.

'मित्तेरे'ची पिलावळ आपण दिवसभर वापरतो: मिशन, मेसेज, कमिशन, परमिट, मिसाइल. हॉस्टेलची 'मेस'सुद्धा त्याच घराण्यातली, तिथे मूळ अर्थ ताटापर्यंत पाठवलेलं, पानात वाढलेलं. 'ख्रिसमस'मधला 'मस' म्हणजेही हीच मिस्सा. मेस आणि मिस्सा एकाच मुळाच्या आहेत हे कळल्यापासून मला दोन्हींकडे बघताना हसू येतं.

यातली मला सगळ्यात आवडणारी जुळणी मात्र मराठीतच सापडते. 'मिस्सा'ला आपल्याकडे अगदी बेतलेला शब्द आहे, निरोप. आपण निरोप घेतो, तेव्हा जातो. निरोप पाठवतो, तेव्हा सांगतो. जुन्या मराठीत 'निरोपणे' म्हणजे सांगणे, निरूपणाचा सख्खा. जाणं आणि सांगणं या दोन्ही गोष्टी एका शब्दात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या आपल्या पत्रात हेच लिहिलं की 'मिस्सा'चा मूळ अर्थ पाठवणी, पण ख्रिस्ती वापरात तिला कामगिरीवर पाठवण्याचा अर्थ येत गेला. पुढच्याच वर्षी शेवटच्या वाक्याला पर्याय मंजूर झाले. त्यातल्या एकाचा आशय, जा आणि प्रभूची सुवार्ता सांगा. इंग्रजीला यासाठी दोन शब्द लागतात. आपल्याला 'निरोप' पुरतो. तरी विधीचं नाव म्हणून मी 'निरोप' सुचवणार नाही. रूढ शब्द असताना घरी टांकसाळ कशाला घालायची?

आता तुम्हाला खटकलेलं 'ऐकणे'. आजीची चूक नाही, ती कायद्याची भाषा बोलते आहे. १९१७ च्या चर्चसंहितेत सणवारांविषयीचं वाक्य असं होतं: मिस्सा ऐकली पाहिजे. क्रियापद ऐकण्याचंच. विधी लॅटिनमध्ये, धर्मगुरूची पाठ लोकांकडे, पुष्कळसे शब्द पुटपुटलेले. ऐकण्यासारखं फारसं कानी पडत नसताना क्रियापद मात्र 'ऐकणे'. मग दुसरी व्हॅटिकन धर्मसभा झाली. उपासनेविषयीचा तिचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ मध्ये निघाला. लोकांच्या भाषांना दार उघडलं, आणि भाविकांनी पूर्ण, जाणीवपूर्वक, सक्रिय भाग घ्यावा असं त्यात म्हटलं. १९८३ च्या नव्या संहितेत तेच कलम बदलून आलं: मिस्सेत सहभागी झालं पाहिजे. बोलीभाषा इतक्या लवकर कायद्याचं ऐकत नाही. जुन्या माणसांची मिस्सा अजून ऐकण्याचीच असते.

नातवाचं 'पाहिली' हे तिसरं क्रियापद. २०२० मध्ये चर्च बंद झाली, बिशपांनी रविवारी मिस्सेला येण्याच्या बंधनातून सूट दिली आणि मिस्सा पडद्यावर आली. आजाऱ्यांना तो पडदा मोठा आधार आहे. त्यांच्यावर चर्चला येण्याचं बंधन मुळात नाहीच. धडधाकट माणसाने घरी बसून पाहिली तर मात्र रविवार पाळल्यासारखं होत नाही, असं चर्च मानतं. नियम थोडा वेळ बाजूला ठेवून मी त्या घरातलं दृश्य डोळ्यांपुढे आणतो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. खाली 'आमेन, आमेन' अशा टिपणांची रांग सरकते आहे. मध्येच वरून बँकेचा मेसेज उतरतो. पडद्यावरचे धर्मगुरू हात जोडून म्हणतात, शांतीने जा. फोनसमोरचा माणूस कुठे जाणार? तो तर आलेलाच नव्हता. बोट पुढच्या व्हिडिओवर जातं.

म्हणून ऐकणे, सहभागी होणे, पाहणे ही तिन्ही क्रियापदं जपा. तुमच्या चित्रपटात पहिलं आणि तिसरं समोरासमोर आहेत. 'प्रार्थनेला जाणे' करून दोन्ही पुसून टाकलीत, तर त्या दोन पिढ्यांमध्ये काय अडलंय ते प्रेक्षकाला दिसणारच नाही. 'मिस्सा' न कळणारा प्रेक्षक असेल, तर आधीच्या एखाद्या प्रसंगात 'चर्चमध्ये मिस्सेला' असं एकदा येऊ द्या, पुढे तो शब्द आपला आपण चालतो.

संवाद मी असा लिहिला असता:

"आज मिस्सा ऐकलीस का रे?"

"बघितली, आजी. फोनवर."